ग्यानबाची मेख

फुलचूरमधल्या एखाद्या ज्ञानेश्वरला दिवसभरात आपल्याच नावाच्या तीन हाका ऐकू येऊ शकतात. घरी आजी ‘ग्यानू’ म्हणते. मराठी शाळेत गुरुजी हजेरीला ‘द्न्यानेश्वर’ म्हणतात. सिमकार्डासाठी गोंदियातल्या मोबाइलच्या दुकानात आधार कार्ड पुढे केलं, की काउंटरपलीकडून ‘ग्यानेश्वरजी, यहाँ साइन कीजिए’ असं येतं. मुलगा तिन्ही हाकांना ओ देतो. कुरकुर असते ती मोठ्या माणसांची. पश्चिम महाराष्ट्रातून बदलीवर आलेला एखादा अधिकारी हमखास सांगतो, की ‘ग्यानेश्वर’ हा हिंदीचा संसर्ग आहे, सीमेवरच्या लोकांची मराठी अशीच बिघडत जाते. शाळेत शिकलेली नवी पिढीही आजीला सुधारू पाहते. ही समजूत इतकी सर्वमान्य आहे, की ती तपासून बघावी असं कुणाला वाटत नाही. ती तपासली, तर बरीचशी चुकीची निघते. ती कशी चुकीची आहे, हे सांगण्यासाठी हे प्रकरण आहे.

आधी जागेविषयी. फुलचूर हे गोंदिया शहराला अगदी लागून असलेलं गाव. शहर वाढत गेलं आणि गावाच्या अंगाला येऊन भिडलं. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगडचा मुलूख आहे. बालाघाट इथून चाळीसेक किलोमीटरवर, म्हणजे नागपूरपेक्षा पुष्कळच जवळ. आणखी एक गोष्ट महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या वाचकांच्या लक्षात नसते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा टापू, विदर्भाच्या इतर मराठी जिल्ह्यांबरोबर, मध्य प्रदेशातच होता. त्या राज्याची राजधानी नागपूर होती आणि कारभार हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांतून चाले. त्यामुळे हिंदी इथे बाहेरून घुसली असं म्हणणं म्हणजे शेजाऱ्याला घुसखोर ठरवण्यासारखं आहे. गावात झाडीबोली आहे, पोवारांची पोवारी आहे, लोधी आणि छत्तीसगडी बोलणारे आहेत, जिल्ह्याच्या पूर्व भागात गोंडी आहे. बाजाराची भाषा हिंदी, शाळेची मराठी. एकाच माणसाच्या तोंडी दुपारपर्यंत यातल्या तीन भाषा येऊन जातात आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

गावाचं नावही याच प्रश्नाचा छोटा नमुना आहे. मराठीला दोन ‘च’ आहेत. एक ‘चहा’तला, दुसरा ‘चुरमुऱ्या’तला. हिंदीला एकच. तेव्हा ‘फुलचूर’ वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकू शकतो, हिंदी माणसाला थबकायचं कारणच नाही. ‘फ’चीही तीच गत. रोमन लिपीत गावाचं नाव एफपासून लिहितात, पण जुन्या पिढीचा ‘फ’ दोन्ही ओठ मिटून निघतो.

आता नाव. आपेगावच्या विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या चार मुलांची नावं वाचली, की ती एका चढत्या ओळीत लावल्यासारखी वाटतात : निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ता. दुसरा मुलगा परंपरेनं शके ११९७ म्हणजे १२७५ चा. गीतेवरची टीका त्यांनी शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला सांगितली आणि १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. ग्रंथात आणि अभंगांत ते स्वतःला ‘ज्ञानदेव’ म्हणवतात. ग्रंथाचं रूढ नाव भावार्थदीपिका. लोकांनी मात्र ज्ञानदेवाचा ज्ञानेश्वर केला, भावार्थदीपिकेची ज्ञानेश्वरी केली, आणि रोजच्या वापरासाठी ज्ञानोबा, ज्ञानबा, ज्ञानू अशी घरगुती रूपं पाडली. शेवटी तर नावच बाजूला ठेवून नुसतं ‘माउली’ म्हणायला सुरुवात केली. एखाद्या नावाची इतकी रूपं होतात, तेव्हा ते नाव पोथीत राहिलेलं नाही, घरोघरी वापरलं गेलेलं आहे, असं खुशाल समजावं.

मुलाचं नाव म्हणून ‘ज्ञानेश्वर’ इतकं पसरलं ते का? ज्या मुलांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं गेलं, त्यांतल्या एकाचं नाव पुढे कुणबी, तेली, माळी, पोवार अशा शेतकरी आणि कारागीर घरांत मनापासून ठेवलं गेलं. माझ्या पाहण्यात तरी हे नाव शास्त्री-पंडितांच्या घरांपेक्षा नांगर धरणाऱ्यांच्या घरात जास्त आढळतं. याचं श्रेय वारकरी फडांना आणि गावोगावच्या पारायण सप्ताहांना द्यायला हवं. छापखान्यानं त्यात भर घातली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली आणि हस्तलिखितांत अडकलेला ग्रंथ विकत घेता येऊ लागला. पुढे १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांनी प्रभातसाठी ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, शाहू मोडकांचा ज्ञानेश्वर घराघरांतल्या भिंतीवर जाऊन बसला. तो चित्रपट मराठीत आणि हिंदीत, असा दोन्ही भाषांत झाला होता. विदर्भापुरतं बोलायचं, तर अमरावती जिल्ह्यातल्या गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) विसरता येत नाही. बालपणीच दृष्टी गेलेल्या या विद्वानानं स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानलं आणि त्या नात्यानं आयुष्यभर लिहिलं. ज्या प्रदेशात एखादा माणूस संताशी असं नातं जोडतो, तिथे मुलाला त्या संताचं नाव देणं ही साधी गोष्ट आहे.

मुलींच्या बाबतीत या नावानं एक वेगळीच गंमत केली आहे. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव आता मुलींना सर्रास ठेवतात. म्हणजे एका पुस्तकाचं नाव माणसाला दिलं जातं. गीता हे दुसरं असं नाव, पण त्याशिवाय फार उदाहरणं सापडणार नाहीत. दासबोध नावाचा मुलगा कुणी पाहिला आहे?

इथवर सगळे एकमतानं माना डोलावतात. भांडण आहे ते पहिल्या अक्षराचं.

‘ज्ञ’ हे देवनागरीतलं विचित्र अक्षर आहे. ते ‘ज्’ आणि ‘ञ’ मिळून बनलं आहे, पण त्याच्या आकृतीत ना ‘ज’ दिसतो, ना ‘ञ’. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून शेवटी वेगळी जागा दिली आहे. संगणकाला मात्र हा मान मंजूर नाही. युनिकोडच्या लेखी ‘ज्ञ’ असं अक्षरच नाही. तिथे ज, हलन्त आणि ञ अशा तीन खुणा ओळीनं साठवल्या जातात आणि पडद्यावर दाखवताना त्यांचं एक चित्र काढलं जातं. म्हणजे आपण ज्याला ‘द्न्य’ किंवा ‘ग्य’ म्हणतो, त्याच्या पोटात यंत्राला आजही ‘ज’च दिसतो.

मग हा ‘ज’ आपल्या तोंडातून गेला कुठे? स्वतःच करून बघावं. ‘ज’ म्हणताना जिभेचा मधला भाग वर टाळूला टेकतो. ‘ञ’ म्हणतानाही तो तिथेच टेकलेला असतो. फरक इतकाच, की ‘ञ’च्या वेळी मृदुतालू खाली येते आणि हवेला नाकाची वाट मोकळी होते. आता दोन्ही जोडून म्हटलं, तर जीभ जागची हलतच नाही. ‘ज’ सुटताना जो घासल्यासारखा आवाज होतो आणि ज्यावरून आपण ‘ज’ ओळखतो, तो होण्याआधीच हवा नाकातून निघून जाते. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं, की काहीतरी घोष व्यंजन अडलं आणि पाठोपाठ अनुनासिक आलं. ते अडलेलं व्यंजन ‘द’ होतं, ‘ज’ होतं की ‘ग’ होतं, हे कानाला ठरवता येत नाही. मग प्रत्येक भाषेच्या कानानं आपापला अंदाज बांधला. मराठीनं जीभ पुढे नेली आणि ‘द्न्य’ ऐकलं. हिंदीनं मागे नेली आणि ‘ग्य’ ऐकलं. गुजरातीत ‘ग्न’ झालं, बंगालीत ‘ग्यॅ’च्या जवळपास काहीतरी. गोव्यात कोकणीनं मधे एक स्वर घालून ‘गिन्यान’ असं सोपं करून टाकलं. तमिळनं पहिलं व्यंजन सोडूनच दिलं आणि नुसतं ‘ञानम्’ ठेवलं. सातव्या शतकातले शैव संत ज्ञानसंबंधर यांचं नाव तमिळ माणूस ‘ञान’नं सुरू करतो, रोमन लिपीत त्याच्या आधी जी लिहितो आणि तो उच्चारत नाही.

न उच्चारला जाणारा हा जी पाहून इंग्रजीतलं ‘नो’, म्हणजे जाणणे, हे क्रियापद आठवावं. त्याच्याही आधी एक मुका के असतो, जो कधीकाळी उच्चारला जात असे. ग्रीकातलं ‘ग्नोसिस’, लॅटिनमधली ज्ञानवाचक क्रियापदं आणि संस्कृतचा ‘ज्ञा’ धातू ही सगळी एकाच कुळातली. त्या कुळाच्या मूळ रूपात ‘ग’सारखंच व्यंजन होतं, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. यावरून ‘ग्य’वाल्यांनी लगेच विजयाचा झेंडा लावू नये. हिंदीचा ‘ग’ त्या आदिम ‘ग’चा वारस नाही, मधे ‘ज’चा मोठा काळ गेला आहे. पण शुद्धतेच्या वादात पूर्वजांना साक्षीला बोलावलं, तर साक्ष आपल्याच विरुद्ध जाऊ शकते, एवढं ध्यानात ठेवावं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मराठी ही प्राकृतातून आलेली भाषा, आणि प्राकृत बोलणाऱ्यांनी ‘ज्ञ’चा निकाल दोन हजार वर्षांपूर्वीच लावून टाकला होता. त्यांनी त्याचा ‘ण्ण’ किंवा ‘न्न’ केला. म्हणून संस्कृत ‘राज्ञी’ची ‘राणी’ झाली. ‘आज्ञा’ची ‘आण’ झाली, तीच आपण आणाभाकांत घेतो. ‘यज्ञोपवीत’ घासत घासत ‘जानवं’ झालं. ‘शहाणा’ हा शब्दसुद्धा ‘सज्ञान’पासून निघाला असं व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे कायद्यानं अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, शहाणा मात्र केव्हा होईल ते सांगता येत नाही. आणि खुद्द ‘जाणणे’ हे क्रियापद याच ‘ज्ञा’ धातूचं. यातल्या एकाही शब्दात ‘द्न्य’ नाही आणि ‘ग्य’ही नाही. मराठीनं आईच्या दुधाबरोबर घेतलेलं रूप ‘ण’चं आणि ‘न’चं आहे. ‘द्न्य’ आणि ‘ग्य’ हे दोन्ही उच्चार पुढे संस्कृत शब्द पुन्हा जसेच्या तसे पोथीतून उचलले गेले, तेव्हाचे. एकानं अक्षर असं वाचलं, दुसऱ्यानं तसं. दोघेही उसनवारीचेच धनी.

याचा पुरावा फुलचूरच्या परिसरातच रोज ऐकायला मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पूर्व विदर्भातल्या बौद्ध घरांत प्रज्ञा, प्रज्ञाशील अशी नावं आली. शाळेत ही मुलगी ‘प्रद्न्या’ असते, हिंदी मैत्रिणीत ‘प्रग्या’. पण विहारातल्या पाली ग्रंथांत तोच शब्द ‘पञ्ञा’ असा येतो. त्यात ‘द’ही नाही आणि ‘ग’ही नाही. एकाच मुलीच्या नावात संस्कृतची दोन वाचनं आणि पालीचं तिसरं जुनं रूप एकत्र नांदतं.

उत्तरेकडच्या भक्तिपरंपरेनं ‘ग्य’ उच्चार लपवला नाही, सरळ लिहून टाकला. तुलसीदासांच्या रामचरितमानसाच्या प्रचलित प्रतींत ‘ज्ञान’ असं नसतं, ‘ग्यान’ असं छापलेलं असतं. गोंदियाकडच्या ज्या घरांत मानसाचा पाठ होतो, तिथे ते रूप डोळ्यांखालून जातं. गुरू ग्रंथसाहिबात ‘गिआन’ आहे, आणि त्या ग्रंथात ज्ञानदेवांचे सोबती नामदेव यांची ६१ पदं आहेत. शीख परंपरेतली ‘ग्यानी’ ही विद्वत्तेची पदवी आपल्याला राष्ट्रपती झैलसिंगांमुळे ठाऊक झाली. मराठी वर्तमानपत्रांनी ती ‘ज्ञानी’ अशी छापली आणि १९८२ ते १९८७ या पाच वर्षांत कित्येक मराठी वाचकांनी ती ‘द्न्यानी झैलसिंग’ अशी वाचली असणार. त्यावर पंजाबनं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आता त्या अधिकाऱ्याच्या आक्षेपाकडे परत येऊ. ‘ग्य’ म्हणजे हिंदी, असं म्हणणाऱ्यानं एकदा आषाढी वारीत चालून यावं. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर जो गजर होतो, तो लाखो तोंडांतून ‘ग्यानबा-तुकाराम’ असाच बाहेर पडतो. ते लोक मराठवाड्यातले, सातारा-सोलापूरकडचे असतात, त्यांच्या गावाजवळ हिंदीची सीमा नसते. आणि ‘ग्यानबाची मेख’ हा वाक्प्रचार? कागद पुण्यातला असो की लातूरमधला, छुप्या अडचणीला मराठी माणूस ‘ग्यानबाची मेख’ म्हणतो. ‘द्न्यानबाची मेख’ म्हणून बघा, हसू येईल. म्हणजे ‘ग्य’ हा उच्चार मराठीच्या पोटात, आळंदीच्या वाटेवर, पिढ्यान्पिढ्या आहे. तो शेतकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा उच्चार आहे. ‘द्न्य’ हा पाठशाळेतला, पुढे शाळाखात्याचा. दोन्ही मराठीच. फरक भाषेचा नाही, पायरीचा आहे. आणि फुलचूरच्या आजीला जेव्हा आपण सुधारतो, तेव्हा ‘हिंदी टाळ’ असं सांगत नसतो, ‘पायरी बदल’ असं सांगत असतो.

झाडीबोलीच्या अंगानं पाहिलं, तर आजीचा उच्चार नियमालाही धरून आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या या बोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला आणि तिला साहित्यात उभं केलं. या बोलीत ‘ण’ नाही, म्हणून पाणी ‘पानी’ होतं. ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळा ‘डोरा’ होतो. ‘श’ची जागा ‘स’ घेतो. मग ज्ञानेश्वरचा ‘ग्यानेस्वर’ आणि त्यापुढे घाईत ‘ग्यानेसर’ होणं ओघानंच आलं. त्यात सवंगड्यांचा ‘ग्यान्या’ आहे, मोठा झाल्यावर गावाचा ‘ग्यानूभाऊ’ आहे, आणि बांधावरून हाक मारताना ‘काहून गा ग्यानू’ आहे. यातला एकही उच्चार आळसातून आलेला नाही. ज्या भाषेत जो आवाजच नाही, तो न काढणं हा त्या भाषेचा नियम असतो.

उच्चाराचं भांडण तोंडी राहिलं असतं, तर फार बिघडलं नसतं. रोमन लिपीनं ते कागदावर आणलं. मराठीत ज्ञसाठी डी-एन-वाय लिहायची पद्धत जुनी आहे. अहमदनगरला १८४२ मध्ये अमेरिकन मिशननं सुरू केलेलं ‘ज्ञानोदय’ आपलं नाव रोमनमध्ये असंच लिहीत आलं. हिंदी पट्ट्यात जी-वाय, आणि संस्कृतचे अभ्यासक जे-एन. नियतकालिकांपासून चित्रपटांपर्यंत ही फाटाफूट दिसते. प्रभातचा १९४० चा चित्रपट रोमनमध्ये डीनं सुरू होतो, १९६४ चा हिंदी ‘संत ज्ञानेश्वर’ जीनं. देवनागरीत दोन्हींचं नाव अक्षरशः एकच आहे. संगणकावर रोमन कळा वापरून देवनागरी उमटवण्याची आयट्रान्स नावाची पद्धत आहे. तिच्या कर्त्यांनी या वादात न पडता ज्ञसाठी तिन्ही तऱ्हेच्या खुणा मान्य करून टाकल्या. इतका समजूतदारपणा सरकारी अर्जात आढळत नाही.

गोंदियाकरांना हा घोळ फलाटावरच भेटतो. हावड्यातल्या शालिमार स्थानकाहून मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जाणारी ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस याच मार्गानं जाते. एका मराठी ग्रंथाचं नाव मिरवत ती बंगाल, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड पार करून महाराष्ट्रात शिरते. २०१० च्या मे महिन्यात झारग्रामजवळच्या भीषण अपघातानं हे नाव देशभर दुःखद कारणासाठी पोचलं. रेल्वे तिचं नाव रोमनमध्ये जेनं सुरू करते. बंगाली प्रवासी ते आपल्या तऱ्हेनं म्हणतो, छत्तीसगडी आपल्या, मराठी आपल्या. जेप्रमाणे, म्हणजे ‘ज’नं सुरुवात करून, कुणीच म्हणत नाही.

अकोल्यात १९३६ साली जन्मलेले आणि जबलपूरहून ‘पहल’ हे नियतकालिक चालवलेले हिंदी कथाकार ज्ञानरंजन हे आणखी एक उदाहरण. जन्मगावच्या मराठी शेजाऱ्यांनी त्यांचं नाव वाचलं असतं तर ‘द्न्यानरंजन’. हिंदीनं त्यांना ‘ग्यानरंजन’ म्हणून ओळखलं. लिहिताना एक काना-मात्राही बदलावी लागली नाही. देवनागरीचं हे सामर्थ्य आहे. ती उच्चाराचं बरंच काही सांगते, पण ‘ज्ञ’पाशी येऊन ती गप्प बसते आणि त्यामुळेच दोन भाषांना एक नाव वाटून घेता येतं.

शाळेच्या हजेरीपटात या अक्षरानं पोरांचं नशीबही फिरवलं आहे. मराठी वर्णमालेत ‘ज्ञ’ सगळ्यांत शेवटी, त्यामुळे नावांच्या क्रमानं यादी केली तर ज्ञानेश्वर शेवटून पहिला. तोंडी परीक्षेला त्याची वाट बघून बघून उत्तरं विसरायची. हिंदी शब्दकोश ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये घालतात, तिथे तो मधोमध. यादी इंग्रजीत झाली आणि नाव डीनं लिहिलं असेल तर तो पुढच्या बाकावर, जीनं असेल तर जरा मागे, जेनं असेल तर आणखी मागे. गोंदियात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत, हे इथे सांगायलाच हवं.

ज्यांना पत्रिकेची हौस आहे, त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. पंचांगातल्या अवकहडा चक्रात नक्षत्राच्या प्रत्येक चरणाला एक आद्याक्षर दिलेलं असतं. ‘जा’ हे उत्तराषाढेचं अक्षर, रास मकर. ‘गा’ धनिष्ठेचं, पहिला चरण, तीही मकरच. पण ‘दा’ हे पूर्वाभाद्रपदेचं, आणि ती पडते कुंभेत. म्हणजे नुसत्या नावावरून रास काढणाऱ्यानं आजीच्या उच्चारानं हिशेब केला तर मुलगा मकरेचा, गुरुजींच्या उच्चारानं केला तर कुंभेचा. रास खरं तर जन्मवेळच्या चंद्रावरून ठरते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण वर्तमानपत्रातलं राशिभविष्य नावाच्या पहिल्या अक्षरावरून वाचणारे पुष्कळ असतात, त्यांनी आपलं कोणतं अक्षर धरायचं ते आधी ठरवावं.

याच जातीचा दुसरा तंटा ‘ऋ’चा आहे. मराठीत तो ‘रु’, हिंदीत ‘रि’. फुलचूरचा ऋषिकेश शाळेत रुषिकेश असतो आणि बाजारात रिषिकेश. कृष्णाचंही तेच, अमृतचंही तेच. पण तिथे लोक इतके हमरीतुमरीवर येत नाहीत. मला वाटतं, ज्ञानेश्वर हे नाव मराठीपणाशी जोडलेलं आहे, म्हणून त्याच्या उच्चाराला अस्मितेचा रंग चढतो.

आज पाळण्यात हे नाव पूर्वीइतकं येत नाही. ज्ञानेश्वर नावाची माणसं आता बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढची भेटतात. नव्या आईबापांना दोन-तीन अक्षरी, कुठल्याही भाषेत सारखी वाजणारी नावं हवी असतात. जोडाक्षरानं सुरू होणारं चार अक्षरी नाव त्यांना जड वाटतं. काही जण ‘ज्ञानेश’ असा मधला मार्ग काढतात, त्यानं लांबी कमी होते, अडचण जशीच्या तशी राहते. काही जण आता ‘माउली’ हेच मुलाचं कागदोपत्री नाव ठेवू लागले आहेत, त्यात तरी उच्चाराचं भांडण नाही.

ज्यांना हेच नाव ठेवायचं आहे, त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची नोंद करताना नाव ठरलं नसेल, तर ते १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. घाई करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा आहे, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळतो, म्हणजे रोमन स्पेलिंग पहिल्याच दिवशी पक्कं होतं. डी-एन-वाय की जी-वाय, हे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाण्याआधी घरी बसून ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्या, आणि पुढे शाळा, आधार, बँक सगळीकडे तेच ठेवा. दोन कागदांवर दोन स्पेलिंगं झाली, की पुढे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात यांच्या फेऱ्या चुकत नाहीत. हाक मारताना मात्र आजीला दुरुस्त करू नका. तिचा ‘ग्यानू’ बरोबर आहे.